मधलं पेडल

"काकाजी, मावशी इकडंच येऊन राहिल्या!"

रत्नदीप दबक्या आवाजात म्हणाला आणि हेमराजच्या हातातला पाना खाली पडला. वहिनी? सुलोचनावहिनी… इथं? देवळीच्या त्या कापसाच्या जिनिंग गिरणीमागच्या शेडकडं एकवीस वर्षांत तिनं मान वळवूनसुद्धा पाहिलं नव्हतं! त्या शेडमध्ये तिच्या तिरस्काराच्या दोन गोष्टी पडून होत्या. एक ती जुनी जर्मन गाडी, आणि दुसरा तिचा सख्खा धाकटा दीर. गाडीवर निदान ताडपत्री तरी होती!

आठवड्यापूर्वी वहिनीच्या मुलानं, धर्मेंद्रनं, पिपरी मेघेहून या रत्नदीपला बोलावून आणलं होतं. जुन्या गाड्यांचा जाणकार इंजिनिअर. धर्मेंद्रला गाडी नागपूरच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात मिरवायची होती, आणि त्याआधी दसऱ्याला आईच्याच हातून तिची पूजा व्हावी असा त्याचा हट्ट होता. तो हट्टच आज त्या माउलीला इथवर ओढून घेऊन आला होता.

हेमराज चटकन भिंतीकडं सरकला. तिच्या नजरेला आपलं तोंड पडू नये, हे आता त्याच्या अंगवळणी पडलं होतं. एके काळी याच बाईनं त्याला आपल्या हातानं घास भरवले होते. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा. वहिनी अठरा वर्षांची, नुकतीच लग्न होऊन आलेली. "माह्यं पहिलं लेकरू हेमाच हाय," असं ती पाहुण्यांना कौतुकानं सांगायची. तीच वहिनी पुढं… चार वर्षांपूर्वी प्रभाकरदादा वारला, तेव्हा भावाच्या तिरडीला खांदा द्यायला हेमराज पुढं झाला, तर तिनं सगळ्या गावादेखत त्याचा हात झटकून टाकला होता. "माह्या पोरीले खाल्लं यानं! याचा हात नाई लागला पाहिजे माह्या मालकाले!" स्मशानापर्यंत तो मागून, एकटा, अनवाणी चालत गेला.

ती गाडी त्याच्या वडिलांनी कुठल्याशा संस्थानिकाच्या जुन्या सामानातून आणलेली. १९२९ सालची, दोन माणसांची, लांबलचक नाकाची. तिच्या इंजिनात जादा हवा कोंबणारं एक यंत्र होतं, सुपरचार्जर. पेडल पार तळापर्यंत दाबलं की ते जोडलं जायचं आणि गाडी अशी किंचाळायची की बाजारातली माणसं वळून पाहायची! वडील गेल्यावर ती गाडी फक्त हेमराज चालवायचा, आणि गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्याखेरीज त्यानं तिला कधी किंचाळू दिलं नव्हतं.

फक्त एकदाच ती शेडमध्ये किंचाळली. एकवीस वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या सकाळी.

पूजा झाली होती. चाकांखाली लिंबं ठेवली होती. गाडी हातभर पुढं घेऊन ती चिरडायची, एवढाच विधी उरला होता. वहिनी नैवेद्य आणायला घरात गेली, दादा फाटकाशी पाहुण्यांना निरोप देत होता आणि हेमराज विहिरीवर हात धूत होता. सतरा वर्षांच्या धर्मेंद्रला नुकतीच जीप चालवता यायला लागली होती. लिंबं आपणच चिरडू म्हणून तो इंजिन चालू असलेल्या गाडीत चढला… आणि समोर, दिव्यावर झेंडूची माळ घालायला, त्याची आठ वर्षांची बहीण प्रेरणा उभी होती!

किंचाळी ऐकून हेमराज धावला. पोरगी भिंत आणि गाडी यांच्यामध्ये… छे! तो क्षण त्यानं आजवर कुणाला सांगितला नाही, मग आपण तरी का बघावा? स्टिअरिंगला चिकटलेला धर्मेंद्र पांढराफटक पडून पुटपुटत होता, "ब्रेक दाबला काका… दाबला होता… लागलाच नाई! मी फाशी घेतो, काका!" पावलं वाजत जवळ येत होती. हेमराजनं त्याला ओढून खाली ढकललं आणि स्वतः त्या जागेवर बसला. वहिनी धावत आली, तेव्हा तिला दिसला तो हेमराजच!

सव्वा वर्षाचा तुरुंगवास झाला. समुद्रपूरच्या मुलीशी जमलेलं लग्न मोडलं. परत आला तो या शेडमध्ये. ब्रेक का लागले नाहीत, हे त्याला पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं. पण ते त्यानं धर्मेंद्रलासुद्धा सांगितलं नाही. काकानं ब्रेक नीट ठेवले नव्हते, असं समजून पोरगा जगत होता, आणि त्याच समजुतीनं काकाकडं तुच्छतेनं पाहत होता. पाहू दे… जगू दे!

"रत्नदीप, ऐकव आईले इंजिन!" धर्मेंद्र आईला घेऊन आत आला आणि ऐटीत गाडीत बसला. हेमराजकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

इंजिन धडधडू लागलं. गाडी गिअरमध्ये नव्हती. रत्नदीप मागच्या चाकाशी वाकला. "साहेब, ब्रेक दाबून धरा, मी पाहतो."

 हेमराज पुढं झेपावला, "धर्मा, थांब…!"

धर्मेंद्रनं पाय दाबला. आणि गाडी किंचाळली!

तीच… तीच किंचाळी! वहिनीनं दोन्ही कानांवर हात ठेवले. रत्नदीपनं धावत येऊन इंजिन बंद केलं आणि त्याला हसू आलं, बिचाऱ्याला काय माहीत! "साहेब, हे पेडल ॲक्सिलरेटर हाय. या गाडीत ब्रेक उजवीकडं अन् ॲक्सिलरेटर मध्ये. आजकालच्या गाडीची सवय असलेला माणूस हमखास चुकते."

"अन् जो हेच गाडी रोज चालवते, तो?" वहिनीनं विचारलं. तिचा आवाज फार शांत होता.

"तो कायले चुकन, मावशी?"

 धर्मेंद्र आपल्या पायाकडं पाहत होता.  हेमराजनं ते पाहिलं आणि त्याचं अंतःकरण कळवळून उठलं. नाही! हे त्याच्या लक्षात येता कामा नये!

"ब्रेक तुटलेच होते त्या दिवशी!" तो ओरडला. "दांडी मी कसली नव्हती. पाय कुठंही पडला असता तरी गाडी थांबत नव्हती. पायाचा दोष नव्हता, माह्याच हाताचा होता!"

तो हे बोलत होता तेव्हा त्याची नजर एकट्या धर्मेंद्रवर होती. धर्मेंद्रनं सुटकेचा श्वास टाकला. "ऐकलं न आई? स्वतःच्या तोंडानं कबूल करून राह्यला!" असं म्हणून तो ताडताड निघून गेला. वहिनी मात्र क्षणभर दिराकडं पाहत उभी राहिली, आणि मग मुलाच्या मागं गेली.

दुपारी रत्नदीप जेवायला गेला, तेव्हा ती पुन्हा आली. एकटी.

"हेमा…"

एकवीस वर्षांनी! हेमराज उठून उभा राहिला.

"ब्रेक चांगलेच होते न? अन् गाडीत धर्मा बसला होता न?"

तो खाली मान घालून पाना पुसू लागला.

"पूजेच्या दिवशी तू ब्रेक न पाहता गाडी काढशीन? मीच कसं मानलं रे हे!" ती मटकन खाली बसली. "तुह्या भावाले खांदा देऊ देला नाई मी… कुत्र्यासारखं वागवलं तुले! काऊन सांगितलं नाई मले?"

"एक लेकरू गेलतं तुमचं, वहिनी. दुसरं म्या कसं नेलं असतं?"

तिनं त्याला खाली ओढून त्याचं डोकं छातीशी घेतलं आणि दोघंही हमसून हमसून रडले. त्याच्या पांढऱ्या केसांवरून तिचा हात फिरत राहिला. हेमराजला वाटलं, सगळं भरून पावलं… आता मरण आलं तरी चालेल!

मग तिचा हात थांबला. बाहेर धर्मेंद्र कुणाशी तरी बोलत होता.

"हेमा, त्याले दोन पोरी हायत," ती पुटपुटली. "मले समजलं हे त्याले कळलं, तर तो जीव देईन. तो लहानपणापासून कमजोर हाय. तू… तू नाईस." तिनं डोळे मिटले. "जसं चालू हाय तसंच राहू दे बापा. मी तुले… तसंच वागवीन. जन्मभर. एवढंच मागून राह्यली मी. आई म्हणून."

"कोणाची आई म्हणून, वहिनी?" असा प्रश्न त्याच्या ओठांपर्यंत आला. पण तिचा चेहरा पाहून त्यानं तो गिळला.

"दिलं," तो म्हणाला.

तिनं तोंड पुसलं, पदर सावरला आणि ती बाहेर गेली.

"आई, तिथं काय करून राह्यली होती?" धर्मेंद्रनं दचकून विचारलं.

"पाहून आली!" वहिनी आख्ख्या जिनिंगला ऐकू जाईल अशी कडाडली. "माह्या पोरीले खाऊन कसा जगून राह्यला तो मेला, ते पाहून आली! दसऱ्याले त्याले घराच्या फाटकात पाय ठेवू देजो नको. अन् मी मेली, तर माह्या तिरडीले त्याचा हात लागू देजो नको!"

आवाज अगदी पूर्वीसारखाच होता. कठोर, धारदार, कुठंही न कापलेला. शेडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात हेमराजनं तो शेवटपर्यंत कान देऊन ऐकला.

"शाब्बास, वहिनी!" तो मनाशी म्हणाला, आणि रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्यानं स्वतःचं मनगट दातांत धरलं.