आलुबालूचा निळा डाग

शोइरा अनवाणीच आली.

"मुअत्तरआपा, माझं बाळ नेलं. तापानं फणफणलंय, सकाळपासून अंगावर प्यायलेलं नाही. आधीची दोन अशीच तापात गेली. हे तरी आणून द्या."

पंजकंदमध्ये हरवलेलं शोधायचं तर मुअत्तरकडेच जावं लागे. सहायक तोइरला घेऊन ती निघाली.

अंगणात पुरुषांनी भाडेकरू नोसिर मास्तरला आलुबालूच्या, म्हणजे आंबट चेरीच्या झाडाला बांधलं होतं. पाळण्यात राहिलेल्या बाळाच्या दुपट्यावर बोटांचे निळे ठसे होते, आणि मास्तरच्या बोटांना शाई. तो खिडकीतून शिरला, असं सगळ्यांचं म्हणणं. त्याचं कुणी ऐकत नव्हतं.

शोइरानं राखेच्या पाण्यात धुतलेलं दुपटं ओलसरच तापल्या बाळावर घातलं होतं आणि बाकीचे कपडे धुवायला ती पाटाच्या पाण्यावर गेली होती. जाऊ गुलरा दारासमोर तंदूरला रोट्या लावत होती. हात पिठानं भरलेले. आत फक्त सासूबाई गेल्या आणि साखर घेऊन बाहेर आल्या, बाळ दारातून गेलेलं नाही, यावर ती ठाम होती.

सासू, बीबी ओयशा, झाडाखाली बसून केसांच्या आकड्यानं आंबट फळांतल्या बिया काढत होती. मनगटांपर्यंत लाल. पाळण्याला आपण हात लावला नाही, असं तिनं मान वर न करता सांगितलं.

"आपा, हात लाल, ठसे निळे," तोइर कुजबुजला. "म्हातारी सुटली."

मुअत्तरनं आंबट सिरका मागवून ठशावर एक थेंब टाकला. निळा डाग लाल झाला.

"शाई अशी लाल होत नाही," ती म्हणाली. "आलुबालूचा रस राखेच्या पाण्यानं निळा पडतो, आंबटानं पुन्हा लाल होतो. शोइराचे हात पाण्यात होते, गुलराचे पिठात. रसाचे हात एकीचेच. आणि बाळ दारातून गेलं नाही, म्हणजे खिडकीतून गेलं. पलीकडे शेजारीण सलोमतचं अंगण. बीबी, नातू विकलात ना?"

"विकला?" तोइर म्हणाला.

"ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथे मूठभर कोंड्याला विकतात. मृत्यू दारावर टपलेला असतो, म्हणून खिडकीतून. त्याला वाटावं, हे परक्याचं. बोललं की हा तोडगा मोडतो."

बीबीच्या हातातला आकडा थांबला. "ताप उतरेपर्यंत गप्प राहायचं होतं. मास्तरला चार लाथा बसल्या असत्या, पण पोर तर जगलं असतं. आता मृत्यूला कळलं."

शोइरा केव्हाच खिडकीतून पलीकडे गेली होती. ती परतली तेव्हा बाळ रडत होतं, पण आवाज फुटत नव्हता.

"अगं, परत विकत घेतल्याशिवाय नेऊ नकोस," मागून सलोमत विनवत होती.

शोइरा थांबली नाही. तोइरनं नुकतीच दोरी सोडली होती.

"मास्तर, दवाखाना," ती म्हणाली. "तुमची गाडी."

सुजलेली मनगटं तशीच घेऊन नोसिर फाटकाकडे धावत सुटला.