बराकीतली मोजणी

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण हे माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलेलं आहे. तिने कधी शपथ घेतली नाही. नुसती सांगायची.

साल सत्तावन्न. मे महिना. जागा उल्हासनगर, ज्याला तेव्हा सगळे नुसतं ‘कॅम्प’ म्हणायचे.

आणि वेळ रात्रीची नव्हती... भर दुपारची होती.

आत्याचं नाव राही. बदलापूरजवळच्या मांजर्लीची. वडील लवकर गेलेले, आई दुसऱ्यांच्या भातशेतात राबणारी. मॅट्रिक होताच राही कॅम्पातल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत उमेदवारीला लागली. लायब्ररी भलीमोठी होती. लढाईच्या वेळच्या लष्करी बराकी, एकीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी. आत छतापर्यंत पुस्तकं.

तिला तिथे लावून दिलं शरदचंद्रने. तो तिथला जुना, मुरलेला माणूस. पुस्तकाच्या पाठीवर नंबर कसा डकवायचा, शिडी कुठे टेकवायची, सगळं त्यानेच शिकवलं. राही त्याला दादा म्हणायची. भाऊबीजेला तिने त्याला ओवाळलंही होतं.

“सुट्टीतली मोजणी नीट पार पाड,” तो म्हणाला. “साहेबांना सांगून तुला कायम करून घेतो. मग आईला चिखलात उतरायला नको.”

राहीला आणखी काय हवं होतं?

मोजणीची पद्धत साधी. एकाने दाराशी बसून नंबर पुकारायचा. दुसऱ्याने आत मांडणीपाशी उभं राहून, पुस्तक डोळ्यांनी बघून ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणायचं.

शेवटच्या बराकीशी आल्यावर मात्र शरदचंद्रने उंबऱ्याबाहेरच खुर्ची टाकली.

“दादा, बाहेर झळा लागतात. आत बसा ना.”

“इथे उजेड बरा आहे. तू हो पुढे. मी आहे ना मागे.”

राही आत गेली. वर पत्रा तापून कडकड वाजत होता.

“चार हजार सात.”

“आहे.”

“चार हजार आठ.”

“आहे.”

“चार हजार नऊ.”

राहीने बघितलं. जागा रिकामी होती.

“नाही.”

आणि पलीकडच्या रांगेतून...

“आहे.”

पुरुषाचा आवाज. मऊ, दमलेला.

राहीला वाटलं, चंदर असणार. चंदर म्हणजे तिथला सिंधी शिपाई. त्याला मस्करीची भारी खोड.

“चंदरभाई, मस्करी पुरे हां!”



तिने पुस्तकांच्या फटीतून वाकून पाहिलं. पलीकडे कुणीच नव्हतं.

आता दाराकडून पुढचा नंबर यायला हवा होता...

आला नाही.

“दादा?”

वरच्या पत्र्याची कडकडही थांबली होती. बाहेर मघाशी कावळे ओरडत होते, तेही गप्प झाले.

मग पलीकडे काहीतरी सरकायला लागलं. पावलं नव्हती ती. जमिनीवरून अंग ओढत कुणी पुढे यावं, तसा आवाज...

“शरद... आलास का रे? शरद?”

राहीच्या मनात एकच होतं. दादा ऐकतोय. दादा आता धावत आत येईल.

दादा बोलला. नंबर पुकारावा तितक्याच शांतपणे.

“शरद नाही. राही आहे. मांजर्लीची राही. तिला ठेव, मला सोड.”

आणि बाहेरून कडी लागली.

आत्या म्हणायची, भीती नंतर वाटली. आधी काळीज पिळवटलं. ज्याला ओवाळलं, त्याने आपलं नाव-गाव सांगून स्वतःची सुटका करून घेतली.

“राही...”

आवाज आता तिच्या पायापाशी होता.

“तू आहेस?”

तिने पदर तोंडात कोंबला. अशा हाकेला ओ द्यायची नसते, एवढं तिला ठाऊक होतं. घोट्याला काहीतरी गार लागलं... बोटांसारखं.

ती जीव खाऊन दाराकडे धावली. दोन्ही हातांनी दार बडवत राहिली.

कडी काढली ती चंदरने. शरदचंद्र कधीच निघून गेला होता.

“किसने भेजा तेरे को अंदर?” चंदरने विचारलं. मग तो उंबऱ्यावर बसला आणि बोलायला लागला.

मागच्या मे महिन्यात जयदेव नावाचा उमेदवार याच बराकीत मोजणी करत होता. लोखंडी मांडणी त्याच्या अंगावर कोसळली. दाराशी शरदचंद्र होता. आपल्यावर आळ येईल म्हणून तो घाबरला आणि कडी घालून घरी गेला.

“मैंने आवाज सुनी थी, राहीबेन. शरदबाबू बोले, बिल्ली होगी. मैं भी चला गया.”

दुसऱ्या दिवशी जयदेव सापडला. तेव्हापासून ती हाक शरदचंद्रला घरीसुद्धा ऐकू यायची. सगळ्या लायब्ररीला हे माहीत होतं. राहीला कुणी एका शब्दाने सांगितलं नाही.

तिने नोकरी सोडली. आई शेवटपर्यंत चिखलातच राबली.

पुढे एकदा बदलापूरच्या बाजारात शरदचंद्र समोर आला. अंगाने भरलेला, तजेलदार.

“दादा, माझंच नाव का हो?”

त्याने नजरसुद्धा खाली घातली नाही. “माझ्या शब्दावर दुसरं कोण आत गेलं असतं?”

आत्याला मात्र पुढे कितीतरी वर्षं दुपारची झोप लागत नसे. खाटेखाली काहीतरी सरकतं म्हणायची. मी लहानाचा मोठा तिच्याकडेच झालो. घरात आम्ही दोघंच. अलीकडे मात्र ती गाढ झोपायला लागली होती.

एकदा मी सहज विचारलं, “आत्या, तू पण दुसऱ्या कुणाचं नाव सांगून मोकळी का नाही झालीस?”

तिने माझ्याकडे बघितलं. मायेनेच बघितलं.

“नाही झाले, असं तुला कुणी सांगितलं?”

कुणाचं नाव सांगितलं, ते विचारायचा मला धीर झाला नाही.