पोगसनचं इंजिन कोणी धरलं?

दार लोटा आधी, वारा येतोय. आणि डॅरेन, तो मोबाइल खिशात घाल. संध्याकाळी तू इंजिन पेटतं ठेवून कोपऱ्यावर सिगारेट ओढायला गेलास ना? मी बघितलं. पाहुणे होते म्हणून गप्प बसलो. नाहीतर तिथंच तुझी बिनपाण्याची केली असती.

लोक आपल्याला हसतात. म्हणतात, म्हातारे खेळण्यातली आगगाडी खेळतात. हसू देत. इंजिन गुडघ्याएवढं असलं तरी त्यातला कोळसा खरा, आग खरी, वाफ खरी. आतलं पाणी संपलं आणि खाली आग राहिली तर बॉयलर फुटतो, आणि माणूस मरतो तोही खराच. म्हणून आपल्या क्लबात पहिल्यापासून एक रीत आहे. पेटतं इंजिन दुसऱ्याच्या हाती देताना विचारायचं, ‘धरलंस?’ त्यानं म्हणायचं, ‘धरलं.’ हे कानांनी ऐकल्याशिवाय वाफ सोडायच्या दांड्यावरचा हात काढायचा नाही. बाप असो नाहीतर भाऊ.

भाषण देत नाही रे. गोष्ट सांगतो. घडलेली. क्लाइव्ह ऑर्मरॉड माझा चाळीस वर्षांचा दोस्त, त्याच्या तोंडून ऐकलेली. आणि शेवटचं तर मी या डोळ्यांनी बघितलंय.

दोन हजार एकोणीस साल. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, म्हणजे घड्याळं तासभर मागे करतात तो दिवस. पाच वाजायच्या आत अंधार. क्लाइव्ह निघाला होता थॉर्नशॉला, स्टॅन्ली पोगसनचं इंजिन आणायला. स्टॅन्ली सप्टेंबरात गेला. परसातल्या आपल्या रुळांवर, इंजिनामागच्या आपल्या बसायच्या गाड्यावर बसल्या बसल्या गेला. हार्ट, असं डॉक्टर म्हणाले. त्याची बायको डोरीन बहिणीकडे राहायला गेली होती. फोनवर म्हणाली, ‘‘घेऊन जा रे बाबा ते क्लबात. मला ते डोळ्यांसमोर नको. किल्ली कुंडीखाली आहे.’’

इंजिन लहान दिसलं तरी एकट्याला उचलत नाही. म्हणून क्लाइव्हची मुलगी जेम्मा दुकानातली पाळी संपवून व्हॅन घेऊन मागून येणार होती. जेम्मा म्हणजे क्लाइव्हचं सर्वस्व. बायको गेली तेव्हा पोर सात वर्षांची होती. त्यानं तिला गाड्यावर पुढ्यात बसवून वाढवलं, असं म्हटलं तरी चालेल. आग कशी राखायची हे तिला वेणी घालायच्या आधी यायला लागलं.

निघताना तिचा फोन आला. ‘‘डॅड, मी येईपर्यंत उचलायच्या फंदात पडू नकोस. मागच्या वेळी कंबर धरून आठवडाभर कोकलत होतास.’’

‘‘तू ये वेळेवर, म्हणजे झालं. वाटेत चिप्स घेत बसशील.’’

‘‘घेणारच आहे. आणि तुला देणार नाही.’’

हसतच तो थॉर्नशॉला पोचला. बसनं. घराला कुलूप, खिडक्या काळ्या. परसाच्या टोकाला लाकडी शेड, तिथून निघून घराला वळसा घालून परत येणारे रूळ, गवतात अर्धे बुडालेले. शेडचं कुलूप गंजलं होतं. दोन हातांनी पिळून उघडावं लागलं.

दार उघडलं आणि आतली ऊब तोंडावर आली.

गरम तेलाचा वास. कोळशाचा धूर. क्लाइव्ह दारातच थबकला. इंजिन रुळांवर दाराकडे तोंड करून उभं होतं. भट्टीच्या झडपेतून निघालेला लाल उजेड मागच्या भिंतीवर पडला होता.

ते पेटलेलं होतं.

मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? पळाला असतात. क्लाइव्ह नाही पळाला. चाळीस वर्षांची सवय. पेटतं इंजिन आणि जवळ माणूस नाही, हे बघून त्याचं डोकंच फिरलं. ‘‘कोण गाढव आहे रे इथं?’’ असं ओरडत तो आत गेला, वाकला, बॉयलरचं पाणी दाखवणारी काच बघितली. पाणी निम्म्यावर होतं. आणि वाकताना आधाराला म्हणून हात ठेवला तो नेमका वाफेच्या दांड्यावर.

मागून कोणीतरी विचारलं. दमलेला आवाज.

‘‘धरलंस?’’

आणि क्लाइव्ह म्हणाला, ‘‘धरलं.’’

तोंडातून गेलं. आपल्यातला कोणीही हेच म्हणाला असता. झोपेतसुद्धा म्हणाला असता.

मग एक सुस्कारा ऐकू आला. डोक्यावरचं ओझं उतरवलं की माणूस सोडतो ना, तसा. लांब… आणि मग काहीच नाही.

क्लाइव्हनं मागं वळून बघितलं. भिंत होती. भिंतीवर स्टॅन्लीची टोपी.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. स्टॅन्ली गेला तेव्हा इंजिन चालू होतं. डोरीननं त्याला उचलून नेताना बघितलं, ॲम्ब्युलन्सवाल्यांनी बघितलं. विझल्यावर कोणीतरी ते शेडमध्ये ढकललं असेल, पण पेटतं असताना कोणी हाती घेतलं नव्हतं. ‘धरलं’ कोणी म्हणालं नव्हतं. महिनाभर बिचारा इथंच उभा होता, कोणी येईल म्हणून.

‘‘बरं, स्टॅन्ली,’’ तो मोठ्यानं म्हणाला. ‘‘मी विझवतो. तू जा.’’

त्यानं भट्टीखालच्या जाळीची खुंटी ओढली. सगळे निखारे खाली राखेत पडले, फसफसले, काळे झाले. त्यानं भट्टीची झडप उघडली.

आत आग होती. पहिल्याइतकीच.

आता मात्र तो घाबरला. दांडा सोडून सरळ फाटकाकडे धावला. अर्ध्या वाटेत घसा कोरडा पडला. चार पावलांवर जीभ टाळूला चिकटली. फाटकाच्या कडीला हात लागला तेव्हा छातीत आतून भाजत होतं, श्वास आत जाईना. मागे शेडमध्ये सेफ्टी व्हॉल्व उडाला. वाफेची किंकाळी… 

तो रांगत परत गेला. काचेत पाणी तळाला टेकलं होतं. त्यानं हातपंप मारला, एक, दोन, दहा. काचेत पाणी चढलं. आणि त्याचा घसा ओला झाला.

समजलं? पाणी इंजिनाला जात होतं. तहान त्याची भागत होती.

कोळसा घालायचा नाही आणि आग संपेपर्यंत पळवायचं, एवढंच त्याच्या हाती होतं. तो गाड्यावर बसला, दांडा उघडला. इंजिन शेडबाहेर पडलं. घराला वळसा. पुन्हा शेड. पुन्हा वळसा. काळ्या खिडक्या शेजारून जायच्या. फाटक दिसायचं, हाताच्या अंतरावर, आणि मागं पडायचं. आग तसूभर कमी झाली नाही. कमी होत होतं ते गाड्याच्या टाकीतलं पाणी. डोरीननं घर बंद करताना बाहेरचा नळही बंद केला होता.

वळसा… पंप… वळसा…

टाकीचा तळ दिसायला लागला तेव्हा त्याला एकच गोष्ट कळत होती. यातून सुटायचा एकच रस्ता. कोणीतरी यायला पाहिजे. क्लाइव्हनं विचारायला पाहिजे, आणि त्या माणसानं ‘धरलं’ म्हणायला पाहिजे.

आणि येणार कोण होतं, ते त्याला माहीत होतं.

रस्त्यावर व्हॅनचे दिवे दिसले.

मला सांगताना क्लाइव्ह इथं रडला, पोरांनो. म्हणाला, मी आयुष्यात देवाकडं काही मागितलं नाही, पण तेव्हा मागितलं. म्हणालो, टायर फुटू दे. वाट चुकू दे. तिथंच चिप्स खात बसू दे तिला.

फाटक वाजलं.

‘‘डॅड! अरे वा! मला कामाला लावून एकटाच मजा मारतोयस होय? आणि म्हणे वेळेवर ये!’’ जेम्मा टॉर्च घेऊन गवतातून आली. इंजिन तिच्यापाशी येऊन थांबलं. त्यानं थांबवलं नव्हतं.

‘‘उतर आता. कधीचा बसलायस? गारठला असशील.’’

तो पंप मारत राहिला.

‘‘डॅड?’’

एक शब्द. विचारायचा तेवढा एक शब्द. तो जिभेवर आला होता, म्हणाला. जीवच तसा असतो, त्याला मुलगी कळत नाही, बाप कळत नाही, त्याला फक्त पाणी कळतं. क्लाइव्हनं दात दातांवर दाबले. ओठ मिटले. मान हलवली. नाही. जा. मागं जा.

जेम्मानं टॉर्च त्याच्या तोंडावर धरला. ओठ चिरलेले, डोळे खोल गेलेले. मग टाकीवर धरला. कोरडी. मग काचेवर. पाणी दिसेना.

‘‘अरे देवा. डॅड, पाणी कुठाय? डॅड, बोल ना! काय झालंय तुला?’’

तो पंपाचा दांडा हलवत होता. नुसती हवा येत होती. खट… खट…

त्यानं विचारलं नाही. हे लक्षात ठेवा. मरत होता, पण त्यानं विचारलं नाही.

जेम्मानं टॉर्च फेकला. वाकली. वाफेच्या दांड्यावरच्या त्याच्या दुसऱ्या हातावर आपला हात ठेवला. लहानपणी तो तिच्या हातावर ठेवायचा तसा. आणि म्हणाली,

‘‘सोड, डॅड. धरलं.’’

आग गेली. फुंकर मारल्यासारखी गेली. तो गाड्यावरून गवतात कोसळला आणि छाती भरून श्वास घेतला. इंजिन गार पडलं होतं. गवतावर टॉर्च जळत होता आणि जेम्मा त्याच्याजवळ बसून रडत होती, हसत होती. ‘‘म्हाताऱ्या, जीव घेतलास माझा! चल घरी. चिप्स देते तुला.’’

तिला काही झालं नव्हतं. ना तहान, ना ताप. पोटभर चिप्स खाल्ल्या तिनं.

दुसऱ्या दिवशी क्लाइव्हनं ते इंजिन करवतीनं कापलं. बॉयलरचे चार तुकडे केले आणि चार भंगारवाल्यांना दिले. डोरीनला सांगितलं, विकलं. पैसे स्वतःच्या खिशातून दिले.

आणि त्याच रात्री त्याला जेम्माचं कण्हणं ऐकू आलं. जाऊन बघतो तर पोरगी झोपेत, अंग तव्यासारखं तापलेलं, ओठ चिरलेले. तोंडाला पाणी लावलं, पण झोपेत गिळता येईना. घाबरून त्यानं काचेचा जग भरून उशाशी ठेवला, आणि डॉक्टरला फोन करायला वळला. परत आला तेव्हा ती शांत झोपली होती. कपाळ गार.

जग अर्धा झाला होता.

तेव्हापासून रोज रात्री तो जग भरून ठेवतो. जेम्मा उठत नाही. हात लावत नाही. सकाळी विचारलं तर म्हणते, ‘‘मी कुठं पाणी पिते रे रात्री? वेडा झालायस.’’ क्लाइव्ह बाजूच्या खुर्चीत बसून असतो. पाणी कमी होताना दिसत नाही, म्हणाला. नुसतं कमी झालेलं असतं. मध्यरात्री पुन्हा भरावं लागतं. एकदा डुलकी लागली होती त्याला. त्या रात्रीबद्दल तो बोलत नाही.

मध्ये मध्ये तो तिच्या हातावर हात ठेवतो आणि हळूच म्हणतो, ‘‘धरलं, पोरी. सोड. धरलं मी.’’

ती झोपेतच हात ओढून घेते. मूठ आवळते.

मी गेलो होतो ना गेल्या महिन्यात, त्याच्याकडं मुक्कामाला. सकाळी त्यानं मला तो जग दाखवला. रिकामा, कोरडा ठणठणीत. उजेडासमोर धरला. तळाशी, कडेनं, पांढरा खरखरीत थर होता. मी नखानं खरवडला. आपण बॉयलर धुताना जो काढतो, तोच.

पिण्याच्या पाण्याच्या जगात तो थर बसत नाही रे. बसतो फक्त जिथं पाणी उकळतं तिथं.