जुईचं विरजण

सकाळच्या शांत स्वयंपाकघरात गोळीचं पाकीट टच्‌कन वाजलं आणि दारात चप्पल चढवणारी जुई थबकली. चार वर्षं रोज साडेसातला ऐकलेला आवाज. तिच्या आईनं, हर्षदानं, गोळी मुठीत मिटली.

धरणाचं पाणी डोंगराला मिळेनासं झालं, त्यालाही आता वीस वर्षं होत आली होती. आंबेघळीच्या बेचाळीस घरांचं सांडपाणी गावाच्याच, एकमेकींना जोडलेल्या तीन टाक्यांत शुद्ध होऊन ओढ्याला सुटे आणि खालच्या वाडीच्या विहिरीत उतरे. टाकीत घाण खाणारे जिवाणू असत. गाव त्यांना विरजण म्हणे. बाळाच्या बारशाला त्याच्या अंघोळीचं तांब्याभर पाणी टाकीत ओतायचं. दर संक्रांतीला ज्या टाकीचा गाळ उत्तम बसतो, तिच्यातलं बादलीभर विरजण इतर दोन टाक्यांना लावायचं. टाक्यांची राखण हर्षदाकडे होती. चारही संक्रांतींना तिनं एकाच टाकीतलं विरजण उचललं, तिच्या आळीचं सांडपाणी जिथं येतं त्या टाकीतलं.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी जुईची फिटची गोळी थांबवली. पोर बरी झाली होती. हर्षदानं आळीभर पेढे वाटले. नवव्या दिवशी तिन्ही टाक्या गढुळल्या.

काल सूक्ष्मजीवतज्ज्ञ नसीमा मुजावर आल्या. त्यांनी कठड्यावर काचेचे दोन पेले ठेवले. गेल्या महिन्यातल्या नमुन्यात गाळ तळाला होता आणि वर नितळ पाणी. कालच्यात नुसतं ताक.

एकेकटा जिवाणू पाण्याबरोबर वाहून जातो, त्या समजावत होत्या. एकमेकांना चिकटून पुंजके झाले तरच तो खाली बसतो. चिकटायची वेळ त्यांना एका रसायनाच्या खुणेवरून कळते, आणि ती खूण ते स्वतःच तयार करतात.

"तुमचे मात्र ती करायला विसरले," त्या म्हणाल्या. "त्यांना आयती मिळत होती. जुईच्या लघवीतून. गोळी तिच्या यकृतातून गेल्यावर जे उरतं, ते हुबेहूब त्या खुणेसारखं आहे. कणभरही पुरतं. आणि दर वर्षी तुम्ही नेमके तेच निवडत गेलात."

"मग मी गोळ्याच ढकलते की टाकीत."

"गोळीला ते ओळखत नाहीत, हर्षदाताई. मध्ये शरीर लागतं."

हर्षदानं खालमानेनं कबूल केलं की गोळी थांबली नि टाक्या बिघडल्या हा मेळ तिला आधीच खटकला होता, म्हणून आठ दिवस ती स्वतःच गोळी घेतेय. मुजावरबाईंनी चष्मा काढून पुसला. मोठ्यांच्या शरीरात ती वेगळी मोडते, त्या हलकेच म्हणाल्या. नवं विरजण बाहेरून आणून रुजवायला चार महिने लागणार होते. तोवर वाडीनं पाणी उकळलं तर जंतू मेले असते, पण त्यात उतरलेली साबणं नि औषधं तशीच राहिली असती. टँकर तर अख्ख्या डोंगराला दोनच होते.

"चार महिने जुईला गोळी दिली तर?"

"झोपाळेल. शब्द पुन्हा अडतील. कदाचित तेवढंच, कदाचित जास्त." बाई उठल्या. "मी द्या म्हणणार नाही. नका देऊ, असंही मला म्हणवत नाही."

त्या गेल्या तेव्हा फाटकाशी वाडीचे गेनूमामा उभे होते, हातात रिकामा कॅन.

"काही मागायला नाही आलो गं पोरी. नातीला सलाईन लावलंय, एवढं सांगावं म्हटलं." आणि जाता जाता, "तुझी जुई आता चौदाचा पाढा न अडखळता म्हणते म्हणे. बरं वाटलं."

आता बाहेर शाळेच्या गाडीचा हॉर्न वाजला. जुई चप्पल घालूनच आत आली. एरवी हर्षदा रागावली असती. जुईनं आईची मूठ धरली आणि एकेक बोट उलगडलं. घामानं गोळीचा रंग तळव्याला लागला होता. माठावरचा पेला घेऊन ती भरायला वाकली, पूर्वीच्या सवयीनं. मग मध्येच थांबली.

"आई, मी तर बरी झालेय ना? मग ही कुणाला बरं करायला?"