तुला बोलावलं कुणी?

१९८३ च्या दिवाळीला आवडी मुंबईहून गावी आली, तेव्हा पोलादपूरच्या एसटी स्टँडवर वर्तमानपत्राचा एकच अंक उरला होता आणि तो नेमका गिरणीवाल्या महिपतच्या हातात होता. केसांवर पिठाची झाक, डोळ्यांत मिश्कील हसू...

"पहिलं पान द्याल?"

"देतो. पन मोठ्यानं वाचायचं."

वाचता वाचता कायदा शिकणाऱ्या आवडीचा पारा चढला. "ग्रेनाडा. आपल्या पोलादपूर तालुक्याएवढं बेट, आणि अमेरिकेनं तिथं फौज उतरवली. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत स्वच्छ लिहिलंय, दुसऱ्या देशावर बळ वापरायचं नाही. आपल्यावर हल्ला झाला तरच हात उचलायचा."

"शेजारच्या बेटांनी बोलावलं म्हनत्यात."

"म्हणणारच. भल्यासाठी आलोय, असंही म्हणतात."

"तुमचा राग बघायला उद्या पन पेपर आनतो," तो म्हणाला, आणि तिला राग सोडून हसू आलं.

आठवडाभर तो रोज घरी पेपर घेऊन आला. एकदा तिचे वडील भिकाजी सहज बोलून गेले. शेजारचा गोमाजी दरवर्षी बांध कोरतो, दीड हात शेत गेलं, मोजणीचा अर्ज केलाय.

महिपतला कसला धीर? चार मित्र, चार काठ्या. गोमाजीला झोडपलं, बांध उकरून दोन हात पलीकडे नेला आणि वर हसत सांगायला आला.

आवडी कडाडली. "तुला बोलावलं कुणी?"

"तुझ्यासाठीच केलं गो..."

"तेही हेच म्हणतात. बांध कोरला त्यानं, आणि आता गुंड ठरला माझा बाप. गोमाजी पोलिसात गेलाय, आता मोजणी थांबणार. आमचं शेत तू घालवलंस."

पहिल्यांदा 'अरे-तुरे' केलं ते अशा वेळी, याचाही तिला राग आला.

दुसऱ्या सकाळी महिपत एकटाच शेतात गेला. सगळ्या वाडीदेखत त्यानं बांध होता तिथं रचला, गोमाजीची माफी मागितली आणि चौकीत जबाब दिला, भिकाजींना यातलं काही ठाऊक नव्हतं.

पंधरा दिवसांनी मोजणी झाली. दीड हात भिकाजींचाच निघाला. गोमाजी मुकाट्यानं हद्दीचे दगड रोवू लागला.

महिपत मात्र वाटेवरच थांबला. बगलेत पेपर, पण बांध ओलांडेना.

"अमेरिका अजून ग्रेनाडातनं निघाली नाय," तो दुरूनच शेतातल्या आवडीला म्हणाला. "मी निघालो."

तिचा राग पुरता गेला नव्हता. पण त्याच्याविना पंधरा दिवस कसे काढले, ते तिलाच ठाऊक.

"आवडतोस, म्हणून इतकी चिडले," ती म्हणाली.

"मग... येऊ?"

"ये. आता मी बोलावतेय."