दगडफुलाची साक्ष

सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर, ठोकलेल्या तंबूतल्या प्रयोगशाळेत डॉ. कुमुदिनी ओगले चिमट्यात दगडफूल धरून बसल्या होत्या. मसाल्यात पडतं तेच. फक्त याचं वय पस्तीस.

"याला मुळं नसतात," सड्यावरच्या ठकूबाई झोरेंना त्या समजावत होत्या. "हे हवेवर जगतं. आपण सगळेच हवेत जनुककण सांडतो, केसांतून, श्वासातून. ते यात अडकतात. दर वर्षी एक कडा वाढते. माझा जनुकवाचक ती वाचून सांगतो, त्या वर्षी इथं कोण राहून गेलं."

"म्हंजे चुगलखोरच की ओ!"

ओगलेबाई हसल्या. सोळा वर्षांपूर्वी घाटरस्त्यासाठी त्यांनीच अहवाल लिहिला होता: 'तीन दिवस सड्यावर मुक्काम केला. कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे, आढळले नाहीत.' ठकूबाई एकट्या म्हणाल्या, आहेत. तेव्हापासून पंचक्रोशी त्यांना 'कोळसुंदेवाली' म्हणून चिडवायची. उद्या रस्ता रुंद करण्यावर सुनावणी होती. कोळसुंदे होते असं ठरलं, तर काम थांबणार होतं. जुनी चूक गुपचूप दुरुस्त होईल, आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही, असा ओगलेबाईंचा बेत होता.

"बाहेरून सोळावी कडा," त्यांचा सहकारी इरफान मुजावर ओरडला. "कोळसुंदे. सात!"

ठकूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"पण यंत्र खरं कशावरून, हे उद्या विचारतील. आपल्या दोघांचे नमुने यंत्रात आहेतच, ताडून बघतो." इरफान थबकला. "गेल्या वर्षीच्या कडेत मी सापडतोय, दोनच दिवस होतो तरी. मॅडम, सोळावीत तुम्ही नाही."

तंबूचं कापड वाऱ्यानं फडफडलं.

"तुम्ही तीन दिवस राहूनही यंत्राच्या नजरेतून सुटलात, तर कोळसुंद्यांवर तरी भरवसा कसा ठेवायचा? वाचन बाद करावं लागेल."

ओगलेबाईंची कानशिलं तापली. खोटं एकतर यंत्र, नाहीतर आपण.

"यंत्र बरोबर आहे," त्या मान खाली घालून म्हणाल्या. "धुकं होतं, चढ होता. पायथ्याच्या विश्रामगृहात बसून मी सही ठोकली. उद्या हेच सांगेन."

इरफान स्वच्छ चिमटा पुन्हा पुसत राहिला.

"ठकूबाई, तुम्हाला माहीत होतं?" ओगलेबाईंनी विचारलं.

"व्हय की. तीन दिस तुमच्या वाटणीचं दूध तापवून ठिवलं हुतं."

"मग बोलला का नाहीत?"

"कोळसुंदेवालीचं कोण ऐकतंय, बाई?" ठकूबाईंनी किटलीतलं दूध पेल्यात ओतलं. "आता आलायसा न्हवं? घ्या."

ओगलेबाईंना पेला उचलवेना.