बाबा, दिवा राहू द्या ना!

इन्स्पेक्टरबाईंनी तोंडावरची उशी उचलली. पलंगावर मेलेली बाई पन्नाशीची होती. भिंतीवरच्या फोटोत तीच सहा वर्षांची, दोन वेण्या घालून हसत होती.

"अगं बाई! ही तर बेबी!"

'बाबा, दिवा राहू द्या ना!' एवढंच म्हणायची ती पडद्यावर, आणि अख्खं थिएटर नाक ओढायचं. इन्स्पेक्टरबाईही लहानपणी ढसाढसा रडल्या होत्या. पुढे बेबी वाढली, नाक फेंदारलं आणि सिनेमावाल्यांनी तिला खड्यासारखं बाजूला काढलं.

हवालदाराचा हिशेब तयारच होता. सात वाजता बेबी रेडिओवर फोनवरून मुलाखत देत होती, साऱ्या शहराने ऐकली. म्हणजे तोवर जिवंत. तिची मावशी सहापासून दातांच्या डॉक्टरकडे, परत आली तेव्हा तिनेच प्रेत पाहिलं. मधल्या वेळात घरी आली ती फक्त बेबीची मुलगी, आणि तिची आरडाओरड शेजारणीने ऐकलेली.

"न्यायचं का हिला?" त्याने कोपऱ्यातल्या मुलीकडे बोट केलं.

"थांबा हो. काय गं, कशाला ओरडत होतीस?"

"आईने खोलीचं दार लावून घेतलेलं. उघडेना. मी बाहेरूनच भांडले आणि निघून गेले."

"ती काय म्हणाली?"

"काहीच नाही."

शेजारीणही तेच म्हणाली. एकटी मुलगीच ओरडत होती.

"आईवर एवढा राग?"

मुलीने मोबाइल पुढे केला. "परवाचा निरोप आहे. ऐका, कशी बोलायची ती."

फाटका, घोगरा आवाज आला. 'तुझ्यासारखी ठोंबी पोटाला आली! तुझ्या वयाला मी घर पोसून दमले होते. बस तू तुकडे मोडत!'

"सर्दी झाली होती का तिला?"

"छे! नेहमीचंच आहे हे."

इन्स्पेक्टरबाईंनी रेडिओवरची मुलाखत मागवून ऐकली. मग दवाखान्यात फोन लावला. मावशी तिथेच होत्या, फक्त सातच्या सुमारास एकदा फोन घेऊन जिन्यात गेल्या होत्या, असं कळलं.

मावशी बाहेरच्या खोलीत गळ्याला मफलर गुंडाळून बसली होती. पासष्टीची, पण काटक. प्रत्येक उत्तर कुजबुजत देत होती, घसा बसलाय म्हणून.

"मावशी, रेडिओवर बेबी नव्हतीच," इन्स्पेक्टरबाई सहज म्हणाल्या. "कुणीतरी भाडोत्री नकलाकार. ते दिव्याचं वाक्य तर पार वाया घालवलं. बेबीची सर कुठली यायला!"

मावशीने मफलर घट्ट धरला.

"अगदीच भिकार होतं हो."

"भिकार?" मावशी ताडकन उठली. मफलर सुटला. आणि त्या सुरकुतलेल्या तोंडातून पातळ, लाडिक आवाज आला, "बाबा, दिवा राहू द्या ना!"

आवाज ऐकून मुलगी आतून धावत आली. इन्स्पेक्टरबाईंच्याही डोळ्यांत पाणी आलं. स्वतःचाच राग आला त्यांना.

"बेबीचा आवाज मुळात फाटका," त्या म्हणाल्या. "तो निरोप ऐकला तेव्हाच खटकलं. रेडिओवर मात्र सिनेमातला आवाज, जसाच्या तसा. म्हणजे सिनेमातही तिच्या तोंडी दुसरंच कुणी बोललं होतं. आणि तुम्ही तर आवाज लपवून कुजबुजत होतात. निघताना तुम्ही उशी दाबलीत, लॅचचं दार ओढून घेतलंत, तिचा मोबाइल नेलात आणि जिन्यातून मुलाखत दिलीत. परत आल्यावर किल्लीने दार उघडून तो उशाशी ठेवलात. फोन कुठून झाला ते उद्या कळेलच."

"पडद्यावर माझं नाव कधी आलं नाही," मावशी आता मोकळ्या गळ्याने बोलत होती. "आज बेबीला म्हटलं, एकदा तरी सांग लोकांना. तर म्हणाली, आरशात तोंड बघ आधी. आणि मुलाखत नकोच म्हणत झोपेची गोळी घेऊन घोरायला लागली."

"मग रेडिओवर तुम्हीच का नाही सांगितलंत?"

"लोक फोन करून रडत होते, बाई. त्यांना बेबी हवी होती."

"आणि ही पोर? अंगाखांद्यावर वाढवलीत ना हिला? हिला फासावर जाऊ देणार होतात?"

मावशीने मुलीकडे पाहिलंसुद्धा नाही. "तिने तरी कधी विचारलं, मावशी, तू काय केलंस जन्मभर?"

मुलगी तोंड दाबून रडायला लागली. मावशीने पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला.

"आता तरी पेपरात माझं नाव येईल ना?"

इन्स्पेक्टरबाईंनी बेड्या अडकवल्या.

"येईल की. 'बेबीच्या मावशीला अटक'."